अडकलेलं पेमेंट: फ्रीलान्सरांनी एकत्र येऊन वसुली कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या वीसेक जणांचा ग्रुप आहे. कोणी अनुवाद करतं, कोणी सबटायटल, कोणी डिझाइन. एका एजन्सीकडे त्यांच्यातल्या पाच जणांचे मिळून सुमारे पाच लाख रुपये सात महिने अडकले आहेत. फोन केला की उत्तर मिळतं, पैसे मिळत नाहीत. ग्रुपमधल्या काहींना रीतसर संघटना नोंदवायची आहे, काहींना एजन्सीचं नाव फेसबुकवर टाकायचं आहे. सुरुवात कुठून करावी?

मी अनुवाद आणि सबटायटलचं काम करते आणि मुंबई-ठाण्यातल्या अशाच एका ग्रुपची वसुलीची बाजू बरीच वर्षं सांभाळते आहे. माझं उत्तर: दोन्हींपैकी काहीच आत्ता करू नका. आधी पाचही जणांचा हिशेब एका कागदावर आणा. एकत्र येण्याचं खरं बळ तिथून सुरू होतं. मोर्चा, नोंदणी, लेटरहेड हे सगळं त्यानंतरचं.

आपलंच बिल का थकतं ते आधी बघू. एजन्सीला महिन्याला वीजबिल भरायचं असतं, पगार द्यायचे असतात, जीएसटी भरायचा असतो, बँकेचा हप्ता असतो. यातलं काहीही चुकलं तर लगेच दंड, व्याज किंवा माणूस निघून जाण्याची भीती. फ्रीलान्सरचं बिल थकलं तर काय होतं? एक फोन येतो, "मॅडम, जरा बघा ना." बस. त्यामुळे पैसे कमी पडले की आपण आपोआप रांगेत शेवटी जातो. बहुतेक एजन्स्या बुडवायच्या इराद्याने बसलेल्या नसतात. त्या आपल्या पैशांवर धंदा चालवत असतात, बिनव्याजी. त्यांना आपल्याला थांबवणं स्वस्त पडतं म्हणून त्या थांबवतात. ते महाग पडलं पाहिजे, आणि ते एकट्याच्या फोनने कधीच होत नाही.

एकट्याला आणखी एक गोष्ट कळत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एका डबिंगचं काम देणाऱ्या एजन्सीबद्दल पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा प्रत्येकाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकलंय. कोणाला सांगितलं होतं "तुमचा व्हेंडर कोड नीट झाला नाही", कोणाला "फाइल साहेबांच्या टेबलावर सहीला आहे", कोणाला "वरून चॅनेलचेच पैसे आले नाहीत". सगळ्यांनी आपापले व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज ग्रुपवर टाकले आणि तारखा लावून बघितल्या. एकाच आठवड्यात तिघांना तीन वेगळी कारणं दिली होती, आणि चौथीला त्याच आठवड्यात पैसे पोचले होते, कारण ती थेट ऑफिसात जाऊन बसली होती. म्हणजे पैसे होते. कोणाला द्यायचे आणि कोणाला टोलवायचं हे ठरवलं जात होतं. हे कळल्यावर लोकांची लाज गेली. पैसे मागताना आपल्याला जी लाज वाटते ना, समोरच्याचा अर्धा खेळ तिच्यावर चालतो.

म्हणून पहिलं काम: एक तक्ता. एक्सेल चालेल, वही चालेल. प्रत्येक बिलाची वेगळी ओळ. काम कोणी, कधी आणि कशावर मागितलं, मेलवर की व्हॉट्सअ‍ॅपवर. काम कधी पाठवलं. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम. काय मुदत ठरली होती, ठरली असेल तर. काम पोचल्यापासून पंचेचाळिसावा दिवस कोणता (का ते पुढे कायद्यात येईल). समोरच्याचं शेवटचं उत्तर, शब्द न बदलता. आणि पुरावा कुठे ठेवलाय. भावना, शिव्या, अंदाज यांना तक्त्यात रकाना नाही. हा तक्ता पुढे वकिलासमोर जाईल, थकलेल्या बिलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेसमोर जाईल, त्यात एक चुकीची तारीख निघाली तरी बाकीच्या चौघांच्या ओळींवर संशय येतो. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, जुना फोन विकू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ उपकरण आपल्याकडे असलं की ते सोपं जातं.

तक्ता भरताना एक प्रश्न हमखास निघतो: आपला देणेकरी नक्की कोण? आपण एजन्सीला तिच्या ब्रँडच्या नावाने ओळखतो. कायद्याला तो ब्रँड माहीत नसतो. ती प्रायव्हेट लिमिटेड आहे, एलएलपी आहे की कोणाची एकट्याची मालकी आहे, ते शोधा. आधी कधी त्यांनी पैसे दिले असतील आणि टीडीएस, म्हणजे बिलातूनच वळता होणारा आयकर, कापला असेल तर फॉर्म १६ए या त्याच्या प्रमाणपत्रावर कापणाऱ्याचं कायदेशीर नाव असतं. बँक स्टेटमेंटमध्ये एनईएफटी कोणाच्या खात्यातून आली तेही बघा.

टीडीएसवरून आठवलं. तुमचं २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडे तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा, उघडून बघा. टीडीएस पैसे देताना किंवा बिल वहीत जमा करताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. त्यामुळे पैसे न देता तुमच्या नावावर टीडीएस भरलेला दिसला, तर एजन्सीने तुमचं बिल आपल्या वहीत मान्य करून घेतलं आहे. मग "बिल मिळालंच नाही" किंवा "काम पसंत पडलं नव्हतं" हे म्हणणं त्यांना अवघड जातं. लहान रकमांवर टीडीएस कापला जात नाही, त्यामुळे पाचही जणांचा दिसेलच असं नाही. एकाचा जरी दिसला तरी तो तक्त्यात नोंदवा.

आणि याहून मोलाची गोष्ट आहे लेजर, म्हणजे त्यांच्या वहीतलं आपल्या नावाचं खातं. एजन्सीच्या मालकाशी बोलणं थांबवा आणि अकाउंट्समधल्या माणसाला दोन ओळींचा मेल करा: "ऑडिटसाठी आमच्या नावाचं आपल्या वहीतलं लेजर आणि आजची बाकी पाठवाल का?" अकाउंट्सवाल्यांना हे मेल रोज येतात. मार्च-एप्रिलमध्ये तर ते स्वतःच सगळ्यांना बॅलन्स कन्फर्मेशनचे मेल पाठवत असतात. मालक ज्या बाकीबद्दल महिनोन्‌महिने बोलायचं टाळतो, तीच बाकी अकाउंट्सचा माणूस पीडीएफ करून पाठवून देतो. आमच्याकडच्या वसुलीची अर्धी प्रकरणं या एका मेलवर उभी राहिली. लेजरमध्ये रक्कम दिसली की वाद संपला, आता फक्त देण्याचा प्रश्न उरतो. शिवाय पैसे वसूल करण्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, आणि ती मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं लेखी मान्य केलं तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. पाचही जणांनी हा मेल वेगवेगळ्या दिवशी, आपापल्या शब्दांत करा. पत्र एकत्र पाठवायचं आहे, पण लेजर मागवून झाल्यावर.

आता कायदा. बरेच फ्रीलान्सर समजतात की त्यांच्यासाठी कायदाच नाही. २००६ सालचा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा आहे, एमएसएमई कायदा म्हणतात तोच, आणि तो कारखान्यांपुरता नाही. सेवा देणारा एकटा माणूसही त्यात सूक्ष्म उद्योग ठरतो. त्यासाठीची सरकारी नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, घरबसल्या करता येते. कोणी त्यासाठी पैसे मागत असेल तर तो दलाल आहे.

कलम १५ सांगतं की ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे, आणि लेखी काहीही ठरलेलं असलं तरी ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. हे दिवस काम स्वीकारल्यापासून मोजायचे, आणि काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ते स्वीकारलं असंच धरलं जातं. चार महिन्यांनी पैसे मागितल्यावर "क्वालिटी इश्यू होता" असं ऐकवतात ना, त्याला इथे उत्तर आहे. "आमच्या क्लायंटने दिले की तुम्हाला देतो" यालाही आहे. त्यांच्या क्लायंटशी आपला संबंध नाही, ४५ दिवस ते ४५ दिवस.

कलम १६ मध्ये व्याज आहे, आणि ते किरकोळ नाही. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर वर्षाला १८ टक्के होतात. ६०,००० रुपयांचं बिल मुदतीनंतर सात महिने थकलं तर व्याजच साधारण ६,५९० रुपये. या व्याजाचा खर्च एजन्सीला आयकरात दाखवता येत नाही. ज्यांच्या हिशेबाचं ऑडिट होतं त्यांना ही थकबाकी आणि व्याज वार्षिक हिशेबात वेगळं दाखवावं लागतं. कंपनी असेल तर ४५ दिवसांपुढच्या थकबाकीची सहामाही माहिती कंपनी निबंधकाकडेही द्यावी लागते.

पण क्लायंटचा सीए खरा जागा होतो तो २०२३ च्या वित्त कायद्याने आणलेल्या आयकराच्या तरतुदीने. ४३बी(एच) या नावाने ती सगळ्या अकाउंट्सवाल्यांना पाठ आहे. सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचं बिल मुदतीत चुकतं केलं नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षी मिळतो. आता पाच जणांचं एकत्र बघा. एकेकाचे लाखभर रुपये असताना सीए त्याकडे ढुंकून बघत नाही. पाच लाख एका पत्रात आले की ३० टक्के दराने त्या वर्षी दीड लाखांचा जास्तीचा कर दिसायला लागतो, आणि तो सीए स्वतः मालकाला फोन करतो. एकत्र पत्र पाठवायचं ते एवढ्यासाठी. शक्य असेल तर फेब्रुवारीत किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवा, वर्षाचा हिशेब बंद व्हायच्या आत.

तुमच्यापैकी ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांच्या हातात आणखी एक मुद्दा आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर एजन्सीला तुमच्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे बिलातल्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करावं लागतं. सात महिने झालेत, म्हणजे ही वेळ उलटून गेली. पत्रात एक ओळ त्याचीही टाका.

एक अडचण आत्ताच सांगते, कारण इथे बऱ्याच जणांची निराशा होते. उद्यम नोंदणी काम देण्याच्या आधीची हवी. पुरवठा झाल्यावर नोंदणी करून मागच्या व्यवहारांना या कायद्याचा फायदा मागता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ आणि २०२२ च्या निकालांत म्हटलं आहे. त्यामुळे तुमच्या पाच जणांत कोणाची नोंदणी कधीची आहे ते तक्त्यात लिहा. ज्यांची नाही त्यांनी आज करा, पण ती पुढच्या कामांसाठी. बाकीच्या पंधरा जणांनीही करा. नोंदणीचा नंबर बिलावर छापा. अकाउंट्सचं सॉफ्टवेअर तुमचं नाव वेगळ्या यादीत टाकतं, आणि ती यादी थकवायला लोक बिचकतात.

आता पत्र. आमच्या अनुभवात पत्र जितकं कोरडं, तितकं ते लवकर चालतं. असं काहीसं लिहा:

"आम्ही खाली सही करणारे आपल्या संस्थेसाठी काम केलेले किंवा करत असलेले व्यावसायिक आहोत. आमच्यापैकी पाच जणांची थकित बिले सोबतच्या तक्त्यात दिली आहेत. यांपैकी कोणत्याही कामावर आपल्याकडून १५ दिवसांत लेखी हरकत आलेली नाही. प्रत्येक बिलाची मुदत कोणत्या तारखेला संपली आणि आजपर्यंतचे व्याज किती, हे त्या-त्या ओळीत नमूद आहे. अमुक तारखेपर्यंत रक्कम खात्यात जमा करावी. तक्त्यातील एखादी नोंद चुकीची वाटत असल्यास कोणती व का, ते त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे."

व्याज फक्त उद्यमवाल्यांच्या ओळीत लावा. शेवटचं वाक्य गाळू नका. एक नोंद चूक आहे असं त्यांनी लिहिलं तर बाकीच्या नोंदींवर त्यांची हरकत नाही हे आपसूक लेखी येतं. पत्र संचालकाला आणि अकाउंट्सच्या प्रमुखाला मेलने, आणि एक प्रत नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने. सह्या मराठी वर्णक्रमाने करा, म्हणजे कोण पुढारी आणि कोण मागे हे कळत नाही.

ज्यांचं काहीच अडकलेलं नाही त्यांच्याही सह्या घ्या. हा मुद्दा मी प्रत्येक ग्रुपला सांगते आणि प्रत्येक ग्रुपमध्ये त्यावर रुसवे होतात, कारण ज्याचं पेमेंट वेळेवर येतं त्याला आपलं काम जाण्याची भीती असते. ती भीती खोटी नाही. पण पाचच सह्या असल्या की एजन्सी त्या पाच जणांना "त्रास देणारे" ठरवून बाकीच्यांना काम देते. अठरा सह्या असल्या की तिला पुढच्या आठवड्याच्या डेडलाइनची काळजी लागते. सगळ्यांवर जबरदस्ती करू नका. सही न करणाऱ्याचा अपमानही नको. जेवढ्या मनापासून येतील तेवढ्याच घ्या.

पत्रानंतर काय होतं? बहुतेक वेळा फोन येतो, आणि तो पाच जणांतल्या सगळ्यात अडचणीत असलेल्या माणसाला येतो. "तुमचे साठ टक्के आज टाकतो, विषय संपवा, बाकीच्यांना सांगू नका." ग्रुप इथे फुटतात. ज्याच्या घरात आजारपण आहे, मुलाची फी आहे, तो घेतो आणि गप्प बसतो, आणि बाकीच्यांना महिन्याने कळलं की त्याला गद्दार म्हणतात. कृपा करून असं होऊ देऊ नका. पत्र पाठवायच्या आधीच ठरवून टाका: कोणीही तडजोड करू शकतो, त्याची माफी मागायची गरज नाही, फक्त त्याच दिवशी ग्रुपला रक्कम सांगायची. एकाला साठ टक्के मिळाले म्हणजे एजन्सीकडे पैसे आहेत, आणि पैसे आहेत हे कळणं चौघांच्या कामाचं असतं. तडजोडीच्या कागदावर "पूर्ण व अंतिम" असं लिहिलेलं असेल तर सही करण्याआधी ग्रुपमधल्या कोणालातरी दाखवा.

म्हणूनच लहानसा फंड काढा. दरमहा शंभर-दोनशे रुपये, भिशीसारखे, पण दोघांच्या नावाच्या खात्यात आणि सगळ्यांना दिसेल अशा हिशेबात. त्यातून वकिलाच्या नोटिशीचा खर्च निघतो आणि अगदीच नड असलेल्याला काही हजार उसने देता येतात. चार हजार रुपये हातात असलेला माणूस अर्ध्या रकमेला गुपचूप हो म्हणत नाही. संघटनेचं सगळ्यात उपयोगी काम कोणतं असं विचाराल तर मी हे सांगेन.

बोलणी दोघांनी करायची, आणि त्या दोघांचं स्वतःचं त्या एजन्सीत काही अडकलेलं नसावं. ज्याचे पैसे आहेत तो फोनवर चिडतो किंवा वितळतो, दोन्ही वाईट. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी मेलने कळवा: "आज बोलल्याप्रमाणे..." इतकंच.

पत्रातली तारीख उलटली की उद्यमवाल्यांनी सुविधा परिषदेकडे अर्ज करायचा. सूक्ष्म आणि लघू उद्योग सुविधा परिषदा राज्य सरकार नेमतं आणि अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज ज्याचा त्याने वेगळा करायचा असतो, पण सगळ्यांनी एकाच दिवशी करा, जोडपत्रांत तोच तक्ता लावा. आधी सलोखा, तो फसला तर लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिले आहेत, प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ जातो, हे गृहीत धरूनच जा. मग फायदा काय? निवाडा तुमच्या बाजूने लागला आणि एजन्सीला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. आणि तोपर्यंत व्याजाचा मीटर चालू असतो. परिषदेची नोटीस पोचल्यावर, पहिल्या तारखेच्या आधीच पैसे आलेले मी पाहिले आहेत.

ज्यांची नोंदणी नव्हती त्यांना दिवाणी मार्ग. लेखी करारातून ठरलेली रक्कम येणं असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ३७ व्या आदेशाखाली समरी सूट, म्हणजे संक्षिप्त दावा, लावता येतो का ते वकिलाला विचारा, तो साध्या दाव्यापेक्षा लवकर चालतो. एजन्सीने चेक दिला आणि तो परत आला, तर वेळ दवडू नका. बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला त्यांना १५ दिवस, आणि ते उलटल्यावर महिन्याभरात तक्रार. या तारखा चुकल्या की चेक न वटण्याबद्दलच्या कलम १३८ ची धार जाते.

फेसबुकचं. नाव जाहीर करायची इच्छा मला समजते, रागही समजतो. तरी नको, निदान आत्ता नको. बदनामी आपल्याकडे अजून फौजदारी गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. खरं बोलल्याचा बचाव आहे, पण तो बचाव मांडायला तारखांना जावं लागतं, आणि मग पैसे मागणारे तुम्ही आरोपी म्हणून उभे राहता. "चोर", "फ्रॉड", "बुडवे" हे शब्द तर कुठेच लिहू नका, ग्रुपमध्येही नाही, कारण स्क्रीनशॉट जातात. त्याऐवजी ग्रुपच्या आत क्लायंटांची नोंद ठेवा: कोणाला, किती दिवसांत पैसे दिले. तारखा आणि दिवस, बाकी काही नाही. नवं काम आलं की माणूस ती नोंद बघेल आणि स्वतः ठरवेल.

"या एजन्सीचं काम कोणीही घ्यायचं नाही" असा फतवाही काढू नका, आणि ठरावीक दर बांधून घेऊ नका. मुंबईच्या चित्रपट उद्योगात, फक्त आमच्या सदस्यांनाच काम द्या अशा स्वरूपाच्या अटींवरून स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये कामगार महासंघांविरुद्ध आदेश दिला होता. आपण स्वतंत्र व्यावसायिक आहोत, त्यामुळे तो कायदा आपल्याला जास्तच लागू पडतो. माहिती वाटा, निर्णय ज्याचा त्याला घेऊ द्या. व्यवहारात परिणाम तोच होतो.

नोंदणीबद्दल थोडक्यात. संस्था म्हणून नोंदवायला सात जण पुरतात, पण नंतर दरवर्षी हिशेब, निवडणूक, बदल अर्ज हे सगळं कोणीतरी करावं लागतं. आधी एक-दोन वसुल्या करा. त्यात कोण वेळ देतं, कोण फक्त मेसेजला अंगठा दाखवतं ते कळेल, आणि मग पदाधिकारी आपोआप ठरतील. लेखकांसाठी मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. त्यांची वाद सोडवणारी समिती निर्मात्याला आणि लेखकाला समोरासमोर बसवते. तुमच्यात पटकथा लिहिणारं कोणी असेल तर त्याने तिथे सदस्य व्हावंच.

मोठा बदल हवा असेल तर दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवा. न्यूयॉर्कमध्ये फ्रीलान्सर्स युनियनने वर्षानुवर्षं लोकांची थकलेली बिलं गोळा केली, आणि २०१७ पासून तिथे कायदाच लागू झाला: ८०० डॉलर आणि त्यावरच्या कामाला लेखी करार सक्तीचा, काम झाल्यावर ३० दिवसांत पैसे, नाहीतर दुप्पट भरपाई. दुसरं उदाहरण आपल्या घरचं आहे. माथाडींना कायमचा मालक नव्हता, आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी माथाडी मंडळाकडे भरतो, वर लेव्ही म्हणजे जादा आकार भरतो, आणि मंडळ कामगाराला पैसे देतं. कामगाराला प्रत्येक दुकानदाराच्या दारात मजुरीसाठी उभं राहावं लागत नाही. आपल्यासारख्यांसाठी असं काही व्हावं असं मला मनापासून वाटतं, आणि त्याची मागणी करायला तारखांसकट भरलेले तक्तेच लागतील.

तोपर्यंत आपापल्या अटी नीट करा. नव्या क्लायंटचं काम ऍडव्हान्सशिवाय सुरू करू नका. मोठं काम टप्प्यांत द्या, आणि मागच्या टप्प्याचे पैसे आल्यावर पुढची फाइल. परदेशी क्लायंटला परिषदेसमोर खेचणं जवळपास अशक्य आहे, त्यामुळे तिथे तर ऍडव्हान्स जास्तच घ्या. "सर्व हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरित होतील" ही ओळ कोटेशनवर आणि बिलावर छापा. अनुवादाचा कॉपीराइट लेखी हस्तांतर होईपर्यंत आपलाच असतो, आणि हक्क हातात नसले की पैसे देऊन टाकणं त्यांना मग सोपं वाटतं. पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा आणि चित्रांचा नियम वेगळा आहे. वेगळं ठरलं नसेल तर तिथे हक्क काम सांगणाऱ्याचे होतात, त्यामुळे डिझायनर आणि फोटोग्राफर मंडळींनी ही अट काम घेतानाच लेखी मान्य करून घ्या.

तुमच्या पाच जणांसाठी क्रम असा. या रविवारी तक्ता भरा आणि प्रत्येकाच्या उद्यमची तारीख लिहा. सोमवार ते शुक्रवार लेजरचे मेल. लेजर आलं नाही तरी दहा दिवसांच्या वर थांबू नका. मग सह्या, मग पत्र, त्यात १५ दिवसांची मुदत. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी परिषदेचे अर्ज, आणि बाकीच्यांची वकिलामार्फत नोटीस त्याच आठवड्यात. लेजर हातात आलं आणि त्यात रक्कम कमी दिसली तर पत्र थांबवा आणि आधी तेवढीच ओळ अकाउंट्सकडून दुरुस्त करून घ्या.